तळ्याचा गाळ काढायला कारखानदार पैसे देतोय, पण त्याला सवलत काय आणि कुठल्या वाटेनं? (बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्यांनी जरूर लिहा)

तळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितोय.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. गावाच्या वरच्या अंगाला जुनं तळं आहे. आजोबा सांगायचे, पाडव्यालासुद्धा त्यात म्हशी डुंबायच्या. आता शिमगा सरला की मधोमध भेगा पडतात आणि पोरं तिथं क्रिकेट खेळतात. पाऊस कमी झाला असंही नाही, आमच्या पट्ट्यात पाऊस भरपूर. तळंच उथळ झालंय. माझ्या आठवणीत तरी कुणी गाळ काढलेला नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) असलेले एक गृहस्थ आमच्या गावचे भाचे. यंदा यात्रेला आले, तळ्याच्या बांधावर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सहा लाख देतो, पावसाआधी काम काढा." आठ दिवसांनी त्यांच्या ऑफिसातून फोन आला. पावती कुणाच्या नावाची, ८०जी (देणगीवर आयकर सवलत देणारी नोंदणी) आहे का, सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या खर्चात) बसवायचं का? मी मंडळाचा खजिनदार. आमच्याकडं गणपतीचं पावतीपुस्तक आणि एक शिक्का, एवढंच आहे.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. चार वर्षांमागं एका कंपनीनं आमच्या गायरानात चारशे रोपं लावली. खड्डे आम्ही पोरांनीच काढले होते, हाताला फोड येईपर्यंत. फलक लागला, फोटो झाले. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नव्हतं, कारण त्या कामात टँकरचा खर्चच धरलेला नव्हता. आज पंचवीस-तीस झाडं असतील. परवा एका म्हाताऱ्या काकूंनी विचारलं, "तळ्याचं पण तसंच करणार काय रे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. देणाऱ्याला कायद्यानं नेमकं काय मिळतं? आणि पहिल्या दिवसानंतरचा खर्च कुणी, कशातून करायचा?

आकडेमोड

बेळगावात करसल्लागार म्हणून काम करतो. आधी एक गोष्ट विचारा, फाउंड्री कंपनी आहे की भागीदारी? सगळं त्यावर आहे.

सीएसआर हा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ चा विषय. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी ओलांडलं तरच तो लागू. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. उद्यमबाग, मच्छेकडच्या बहुतेक कारखान्यांचं या रेषेशी काही देणंघेणं नाही. तरी प्रत्येक गावात "सीएसआर मधून द्या" असंच म्हणतात. जो बांधील नाही त्याचं देणं ही साधी देणगी, आणि तिची सवलत आयकरात शोधायची.

भागीदारी धरून हिशोब मांडतो. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, २०२५ च्या नव्या कायद्यात ते बदलले. ८०जी असलेल्या ट्रस्टला ६ लाख दिले, तर त्यातली निम्मी रक्कम, म्हणजे ३ लाख, उत्पन्नातून वजा होते. भागीदारी संस्थेला कर ३० टक्के आणि त्यावर सेस ४ टक्के, मिळून ३१.२. वाचणारा कर ९३,६०० रुपये. अधिभार यात धरलेला नाही. मर्यादाही आहे: एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी मोजतात. उत्पन्न ४० लाख असेल तर ६ लाखांतले ४ लाखच हिशोबात येणार.

काही जागी लोक हमखास फसतात, ते सांगून ठेवतो. २,००० रुपयांवर रोख दिलं तर सवलत शून्य. मालकानं स्वतःचा जेसीबी आणि डिझेल पाठवलं तर ती वस्तुरूप देणगी, तिलाही ८०जी नाही. ट्रस्टनं आयकर खात्याकडं देणग्यांचं १०बीडी विवरण भरून देणगीदाराला १०बीई दाखला दिला नाही तर पावती कितीही छान छापलेली असो, उपयोग नाही. आणि मालक वैयक्तिक नावानं देणार असतील व नव्या करपद्धतीत असतील तर ८०जी मिळतच नाही. २२ टक्के दर निवडलेल्या कंपन्यांनाही नाही.

मंडळाच्या पावतीपुस्तकावर घेऊ नका. तुमच्या भाच्याला काही मिळणार नाही आणि उद्या तुम्हालाच खुलासा करत बसावं लागेल.

उद्यमबागकर

वरचं वाचून मनातलं लिहावंसं वाटलं. माझा लहान कास्टिंगचा कारखाना, पस्तीस माणसं. आम्हाला लोक दारात येऊन मागतात. शाळा, देऊळ, कुस्तीचं मैदान, आता झाडं. मी देतो, कारण माझी निम्मी माणसं त्याच गावांतून सायकलवरून येत होती तेव्हापासून ओळखतो. सवलतीसाठी कुणी देत नाही हो. पण दिलेल्याचं काय झालं ते कळत नाही, हे जास्त लागतं. तळ्याकाठचे, तुमच्या पाहुण्यांना वर्षानं एक फोटो पाठवा, तोच तारीख घातलेला, पाणी कुठवर आलंय तो. ९३ हजारांपेक्षा त्यांना तो मोलाचा वाटेल.

भातशिवार

आम्ही वडगाव-शहापूर शिवारातले. आमचं दुखणं म्हणजे बळ्ळारी नाला. शहराचं सगळं पाणी त्यातून आमच्या भातात येतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर शेत कुठलं आणि नाला कुठला कळत नव्हतं. बेळगावचा बासमती म्हणून ज्याचं कौतुक होतं तो आमच्याच चिखलातला, आणि दर दोन-तीन वर्षांनी रोप कुजून जातंय. जलपर्णी, प्लॅस्टिक, गाळ.

नाल्याच्या अंगाला किती कारखाने, गोदामं, कार्यालयं आहेत. पाणी त्यांच्याही आवारात शिरतंय. त्यांनी आपापल्या समोरचा तुकडा साफ केला तर त्यांना काही मिळतंय काय? तळ्यापेक्षा हे वेगळं धरतात काय?

आकडेमोड

भातशिवार, फार महत्त्वाचं विचारलात. होय, वेगळं धरता येतं, आणि इथं लहान कारखानदाराची बाजू मोठ्या कंपनीपेक्षा बरी आहे.

धंद्यासाठी, निव्वळ धंद्याकरता केलेला खर्च उत्पन्नातून पूर्ण वजा होतो (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३७(१)). २०१४ च्या वित्त कायद्यानं त्यात खुलासा घातला, की कलम १३५ खालचा सीएसआर खर्च हा धंद्याचा खर्च मानायचा नाही. पण तो खुलासा सीएसआरला बांधील असलेल्यांपुरता. जो बांधील नाही, त्यानं आपल्या कारखान्यात पुराचं पाणी शिरू नये म्हणून समोरचा नाला परवानगी घेऊन साफ करून घेतला, तर तो धंद्याचाच खर्च आहे असं म्हणायला चांगला आधार आहे. बेंगळुरूत इन्फोसिसनं आपल्या कार्यालयाजवळ ट्रॅफिक सिग्नल बसवण्यावर केलेला खर्च कर्नाटक उच्च न्यायालयानं धंद्याचा म्हणून मान्य केला होता. रस्ता सार्वजनिक होता, पण कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याशी त्याचा सरळ संबंध होता.

त्या हिशोबानं ६ लाख नाल्यावर घातले तर ६ च्या ६ वजा. कर वाचतो १,८७,२००. ८०जीच्या बरोबर दुप्पट. मात्र कागद हवा: पूर कधी आला, किती माल भिजला, विम्याचा दावा, महापालिकेचं परवानगीपत्र. बारा किलोमीटरवरच्या मामाच्या गावच्या तळ्याला हे लावायला गेलात तर अधिकारी ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

भातशिवार

हे आमच्या शेतकरी संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवतो. आम्ही आजवर कारखानदारांकडं तक्रार घेऊनच गेलोय. "तुमचाही फायदा आहे, कागद असा करा" म्हणून कधी गेलो नाही.

माती_आणि_माणसं

खानापूरहून. मी शाळेत शिकवते. रोपांच्या चारशेच्या आकड्याबद्दल वाचून गलबलून आलं, कारण आमच्याकडं हेच चित्र आहे, फक्त उलट्या बाजूनं. खानापूर तालुक्यात जंगल आहे, भीमगड अभयारण्य आहे, कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. इथं पाहुण्यांना झाडं लावायला फार आवडतं. जंगलाशेजारी येऊन रोप लावतात आणि वीस पावलांवर आपोआप उगवलेल्या जांभळीच्या, नाणा झाडाच्या रोपांवरून गाडी वळवतात. त्या जागेला फक्त कुंपण घातलं आणि तीन वर्षं गुरं आवरली तरी झाडी येते. पण कुंपणाचा फोटो कुणी काढत नाही.

ग्रीन क्रेडिटबद्दल विचारायचं होतं. वर्तमानपत्रात वाचलं की कारखान्यांना झाडांबद्दल गुण मिळणार. ते गावाला मिळू शकतं का?

कंपनीतून

मी मूळ बेळगावचा, सध्या पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागात. ग्रीन क्रेडिटचं थोडं माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्याचे नियम आले. फेब्रुवारी २०२४ मधल्या पद्धतीनुसार वन विभाग आपली उजाड झालेली जमीन दाखवायचा, कंपनी पैसे भरायची, लागवड वन विभागच करायचा आणि दोन वर्षांनी झाडामागं एक क्रेडिट; २०२५ मध्ये ती पद्धत बदलली. २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडं हवी होती. म्हणजे गावच्या तळ्याला, गायरानाला किंवा ताईंच्या कुंपणाला त्यातून काही येत नाही. आणि हेक्टरी ११०० चा आकडा सह्याद्रीच्या माळाला, सड्याला लावणं मला स्वतःला पटत नाही. गवताळ माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. एक गोष्ट मात्र त्यात चांगली आहे. पैसे भरले त्या दिवशी क्रेडिट मिळत नाही, थांबावं लागतं. गुण खड्ड्याला द्यायचा नाही, जगलेल्या झाडाला द्यायचा, ही दिशा मला योग्य वाटते.

आता तळ्याकाठच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण तो आमच्या कामातला सगळ्यात दुखरा भाग आहे.

आमच्याकडं मार्च जवळ आला की खर्च संपवायची धांदल उडते. खर्च झाला नाही तर साध्या कामाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारनं नेमलेल्या निधीत भरावी लागते, नाहीतर दंड. मग एका दिवसात होणारी कामं पुढं येतात. बाक, वह्या, रोपं. देखभालीचा प्रस्ताव मागं पडतो.

पण कायद्यात दुसरी वाट आहे आणि गावं ती मागत नाहीत. तिला चालू प्रकल्प म्हणतात. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो. त्या वर्षी न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर घालायचे. म्हणजे गाळ यंदा, बांधाचं पिचिंग (दगडी अस्तर) पुढल्या वर्षी, झाडांचं पाणी त्यानंतर, असं एकाच ठरावात बसतं. प्रस्ताव लिहितानाच "चार वर्षांचं काम" असं लिहा. नंतर जोडता येत नाही असं नाही, पण तुमच्यासाठी कुणी परत बोर्डापुढं जात नाही.

आणखी एक. जिथं कारखाना आहे त्या परिसराला प्राधान्य द्या, असं कलम १३५ मध्येच लिहिलंय. बेळगाव जिल्ह्यात कारखाना आणि मुख्य कार्यालय मुंबईत किंवा बेंगळुरूत, अशा कंपन्यांकडं जाताना हे वाक्य छापून न्या.

उद्यमबागकर

कंपनीतून साहेब, मोठ्या कंपनीकडं जायचं तर मंडळ नोंदलेलं हवं ना? सीएसआर-१ का काय ते?

कंपनीतून

होय. एप्रिल २०२१ पासून ज्या संस्थेमार्फत काम करायचं तिची सीएसआर-१ नोंदणी हवी, सोबत १२ए (संस्थेला आयकरातून सूट देणारी नोंदणी), ८०जी आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव. गावच्या मंडळाला हे लगेच जमणार नाही. पण कंपनी स्वतः थेट काम करून घेऊ शकते. जेसीबीवाल्याचं बिल कंपनीच्याच नावानं, पैसे थेट त्याला, गावाकडं फक्त देखरेख. तिथं सीएसआर-१ चा प्रश्नच येत नाही. जीएसटीवाल्यांसाठी एक: सीएसआरच्या खरेदीवर ऑक्टोबर २०२३ पासून इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. तेव्हा अंदाजपत्रक करासकट करा, नाहीतर ऐनवेळी १८ टक्के कमी पडतात.

सीमेपल्याडचा

चंदगडकडून राम राम. आमच्याकडं महाराष्ट्रात २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" आहे. त्यातली मूळ गोष्ट साधी. मशीनचं इंधन सरकार किंवा देणगीदार देतो, आणि गाळ शेतकरी स्वखर्चानं वाहून नेतो, कारण तो त्याच्या शेतालाच पाहिजे असतो. २०२३ मध्ये नव्यानं चालू केली तेव्हा लहान शेतकऱ्याला घनमीटरला ३५.७५ रुपये मदत ठरली, एकरी १५,००० पर्यंत, अडीच एकराला ३७,५००.

तुमच्याकडं ती योजना नाही हे खरं. पण रीत घ्यायला कोण अडवतंय? सहा लाखांतले पैसे वाहतुकीवर घालू नका. मशीनवर घाला. शेतकऱ्याला सांगा, ट्रॅक्टर तुझा, गाळ तुझा. आमच्या शेजारच्या गावात असं केल्यावर रात्री दहापर्यंत ट्रॉल्या लागत होत्या.

तळ्याकाठचा

दादा, हे मनापासून पटलं. पण भीती सांगतो. आमच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत. गाळ शेताला म्हणून निघायचा आणि भट्टीवर जायचा. मागं शेजारच्या एका गावात यावरून भांडण होऊन काम अर्ध्यावर थांबलं, ते आजतागायत तसंच आहे.

सीमेपल्याडचा

वही ठेवा. ट्रॉली नंबर, शेतकऱ्याचं नाव, कुठल्या शेतात टाकली. बांधावर दोन म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसवा. आमच्याकडं माजी सैनिक बसले होते. एक ट्रॉली वाकड्या वाटेनं गेली नाही.

पंचायतीतला_जुना

मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होतो. कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. तळं कुणाचं आहे? पाणी, पैसा, मशीन सगळं नंतर.

आपल्या कर्नाटकात ४० हेक्टरपेक्षा कमी भिजवणारी तळी जिल्हा पंचायत, ग्रामपंचायतीकडं. त्याहून मोठी लघु पाटबंधारे खात्याकडं. आधी तलाठ्याकडून उतारा काढा. क्षेत्र किती, अतिक्रमण कुठं, हद्दीचे दगड कुठं. मोजणी न करता जेसीबी उतरवला की पहिल्या तासात कुणीतरी "ही माझी जागा" म्हणून समोर झोपतंय. मग ग्रामसभेचा ठराव. मग पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही, आणि वरची परवानगी. कागद कन्नडमध्ये असतो. न समजता सही करू नका, पण भाषेवरून अडूनही बसू नका. आमच्या वेळी गावातलीच एक सून, हुक्केरीची माहेरवाशीण, सगळे अर्ज कन्नडमध्ये लिहून द्यायची आणि ठराव मराठीत समजावून सांगायची. तिच्यामुळं तीन कामं मार्गी लागली.

आणि ८०जीचा ट्रस्ट शोधत फिरण्याआधी आकडेमोड साहेबांना विचारा, देणगी सरळ ग्रामपंचायतीला दिली तर चालते काय? आमच्या काळी एकानं शाळेच्या विहिरीला तशी दिली होती.

आकडेमोड

काका, तुम्ही माझी चूक दाखवलीत. मी ट्रस्टच धरून बसलो होतो. सरकारला किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेला लोकोपयोगी कामासाठी दिलेली देणगी ८०जीतच आहे, निम्मी वजा आणि तीच १० टक्क्यांची मर्यादा. म्हणजे तोच ९३,६०० चा हिशोब लागू. पंचायतीच्या बँक खात्यात चेकनं, पावतीवर "अमुक सर्व्हे नंबरच्या तळ्यातील गाळ काढणे" असा हेतू लिहून, आणि ग्रामसभेच्या ठरावात रक्कम नमूद करून. आधी त्यांच्या सीएला मसुदा दाखवा.

निपाणीची_सून

वाचत होते, पण पंचायतीच्या खात्यावर आल्यावर राहवलं नाही. पैसा पंचायतीत जातो आणि पुढं दिसत नाही, हे आम्ही बायकांनी सोसलंय. आमच्या भागात एका विहिरीच्या कामाची देणगी दुसऱ्याच कामाच्या बिलात गेली. कुणी खाल्ली असं मी म्हणत नाही. अधिकारी बदलले आणि नव्या माणसाला कशाचे पैसे तेच माहीत नव्हतं.

आमच्या बचत गटानं मग ठरवलं, ग्रामसभेत दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: विहिरीचे शिल्लक किती? सहा महिने विचारलं. कंटाळून का होईना, आकडा फलकावर लिहिला गेला.

झाडांच्या पाण्याचं सांगते. फुकट कुणाकडून करून घेऊ नका, विशेषतः बायकांकडून. "महिला मंडळ पाणी घालेल" असं सगळ्या प्रस्तावांत लिहिलेलं असतंय, त्यापुढं रकमेचा रकाना रिकामा. उद्योग खात्रीची (रोजगार हमीची) मजुरी एप्रिल २०२५ पासून दिवसाला ३७० रुपये झाली होती. तेवढी तरी धरा. दोन बायका आठवड्यातून दोन दिवस, फेब्रुवारी ते मे. तुमचा हिशोब तुम्हीच करा.

तळ्याकाठचा

वहिनी, केला. चार महिने म्हणजे सतरा आठवडे धरले, आठवड्याला चार हजेऱ्या, ६८ हजेऱ्या, २५,१६० रुपये. एका हंगामाचे. चारशे रोपं वाचवायला एवढेच लागले असते. त्या कंपनीचा मांडव, फलक आणि जेवण यावर याहून जास्त गेलं होतं, मी स्वतः वाढायला होतो.

चिकोडीकडचा

उसाच्या पट्ट्यातून लिहितो. आमच्याकडं तळ्यापेक्षा मोठं दुखणं क्षारपड. कृष्णा, दूधगंगेच्या काठाला पाणी जास्त झालं, जमिनी फुगल्या, पांढऱ्या पडल्या. पलीकडं शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आणि पुन्हा ऊस उभा राहिला. आमच्या भागातून बरेच जण बघून आलेत.

इथं एक प्रश्न पडतो. आपल्या जिल्ह्यात कारखाने भरपूर, त्यातले काही सहकारी. त्यांना सीएसआर लागू आहे काय?

कंपनीतून

कंपनी म्हणून नोंद असेल तर लागू, सहकारी संस्था म्हणून असेल तर कलम १३५ लागू नाही. पण सहकारी कारखान्यात सभासद तुम्हीच. वार्षिक सभेत ठराव मांडता येतो, तो हक्क कुठल्याही खासगी कंपनीच्या शेजाऱ्याला नाही. आणि एक लक्षात ठेवा, जमीन सुधारली की ऊस वाढतो, तो त्याच कारखान्याला जातो. तिथं सवलतीची वाटच बघायची गरज नाही.

चिकोडीकडचा

सभेत दरावर बोलतो आम्ही. जमिनीवर कधी बोललो नाही. यंदा बोलतो.

उद्यमबागकर

आमच्यासारख्या लहानांसाठी आणखी काही असेल तर लिहा हो. आमच्या साच्यांतून निघणाऱ्या जळक्या वाळूचाच प्रश्न केवढा आहे. ती कुठंतरी ओढ्याकडंला पडते आणि मग आम्ही तळ्याला देणगी देतो, हे मलाच टोचतं.

आकडेमोड

टोचतं म्हणून लिहिलंत, बरं वाटलं. लघुउद्योग मंत्रालयाचं झेड (मालात दोष नको, पर्यावरणाला त्रास नको यासाठीचं) प्रमाणपत्र आहे, त्याच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६०, मध्यमला ५० टक्के सूट. हरित यंत्रसामग्रीच्या २ कोटींपर्यंतच्या कर्जाला व्याजात २ टक्के सवलत देणारी योजना डिसेंबर २०२३ मध्ये आली. सौरऊर्जेच्या संचावर घसारा ४० टक्के. वाळूचं म्हणाल तर वापरलेली वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये मिसळता येते, पण आधी तपासणी हवी, राळ वापरलेली वाळू तशीच देऊ नका.

माझं एक जुनं म्हणणं आहे. पुण्यात महापालिका सौर, गांडूळखत, पावसाचं पाणी मुरवणं यातलं एक केलं तर मिळकत करात ५ टक्के, दोन किंवा जास्त केलं तर १० टक्के सूट देते. आपल्या महापालिकेनं बळ्ळारी नाल्याच्या अंगाच्या कारखान्यांना अशी सूट द्यावी, आणि ती दर वर्षी जूनमध्ये नाला तपासूनच. साफ असेल तर सूट, नसेल तर त्या वर्षी नाही. नगरसेवकांना हे सांगायला माझ्याबरोबर कोण येतंय?

भातशिवार

मी येतो. आमचे दहा जण येतात.

तळ्याकाठचा

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय. रविवारी भाच्यांच्या फाउंड्रीत जाऊन आलो. ती भागीदारीच निघाली. सोबत आमचे सरपंच आणि बचत गटाच्या दोन बायका होत्या. हा धागा छापून नेला होता.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, सहा लाख एकदम देऊ नका. यंदा साडेचार द्या, मशीनसाठी. उरलेले दीड लाख तीन वर्षांत पन्नास-पन्नास हजार करून द्या, आणि तेही दर मे महिन्याला स्वतः येऊन पाणी आणि झाडं बघून. काम दिसलं नाही तर त्या वर्षी देऊ नका. सरपंच माझ्याकडं बघत राहिले, हातचा पैसा पुढं का ढकलतोय म्हणून. भाचे मात्र जरा गप्प झाले आणि म्हणाले, "आजवर मला परत या असं कुणी सांगितलं नव्हतं."

ठराव येत्या ग्रामसभेत आहे. उतारा काढलाय, तळं पंचायतीचंच आहे, हद्दीचे दोन दगड सापडले, तिसरा एकाच्या गोठ्याखाली असावा. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, चांगली माणसं आहेत. मृगाला थोडेच दिवस राहिलेत, त्यामुळं यंदा पूर्ण गाळ निघणार नाही. पूर्वेकडचा अर्धा भाग घेतोय. वहीला दोन माजी सैनिक तयार आहेत. पाणी घालायला तीन बायका, मजुरी वहिनींनी सांगितली तीच. फलक लावणार नाही असं भाच्यांनीच सांगितलं.

एक अडलंय. पाण्याची पातळी दर महिन्याला मोजायला बांधावर आकडे रंगवलेला खांब रोवायचा आहे. सिमेंटचा करावा की लोखंडी? सिमेंटवरचा रंग शेवाळानं जातो असं एक जण म्हणाला.

उद्यमबागकर

लोखंडीच. आमच्याकडं ओतून देतो, आकडे उठावाचे, रंगाची गरजच नाही. उंची किती हवी तेवढी कळवा, साच्याला चार दिवस लागतील.

पंचायतीतला_जुना

रोवताना सगळ्यात खोल जागी रोवा, कडेला नको. आणि गाळ काढून झाल्यावर रोवा, आधी रोवलात तर शून्य चुकीच्या जागी येईल.

तळ्याकाठचा

काका, बरं झालं सांगितलंत, उद्याच रोवणार होतो. उद्यमबागकर, बारा फूट. शुक्रवारी न्यायला येतो.